दळता दळता अभंग रचणाऱ्या जनाबाई

संत जनाबाई मूळच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या. सुमारे ७०० वर्षांपूर्वी त्या होऊन गेल्या. लहानपणीच त्यांना पंढरपुरास दामाशेटींच्या घरी ठेवले, असे सांगतात. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. तेथे त्या दळण, कांडण, झाडलोट करीत, शेण्या वेचीत. कामे करता करताच अभंग रचीत. त्यांच्या नावावर ३०० हून जास्त अभंग आहेत! विठोबा आपल्याबरोबर दळू लागतो, असे त्यांत आहे. मला वाटतं, त्यांना फार एकटं वाटत असणार.

माझी आई पण लोकांकडे धुणीभांडी करते. हडपसरला पालखी आली की ती वारकरी बायकांबरोबर जनाबाईंचे अभंग म्हणते. तिला वाचता येत नाही, सगळे पाठ आहेत. उद्या ती शाळेत येणार आहे. हे मीच तिला वाचून दाखवणार.