लोकांच्या पैशाचा हिशेब विचारणारे नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापनानंतर १९०२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तेथे सभासदास अंदाजपत्रकावर बोलता येई. मत देता येत नसे.

त्या वर्षी सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक होती. परंतु देशाने नुकताच भीषण दुष्काळ सोसला होता. रयत हलाखीत असता उरलेली शिल्लक भरभराटीची खूण नसून जादा करवसुलीची आहे, हे गोखल्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखविले. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी सातत्याने लावून धरली. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ पासून घटत १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

१९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले निवर्तले. शिक्षण हा बालकांचा कायदेशीर हक्क म्हणून देशभर अमलात येण्यास २०१० साल उजाडावे लागले. ज्याचे फळ आपल्या हयातीत दिसणार नाही, अशा कार्यासाठीही चोख हिशेब मांडावा, हाच या थोर पुरुषाच्या जीवनाचा बोध होय.