लॅपटॉप झोपेतून उठला, कर्सर मात्र भरकटला : टचपॅडमागचे मायकेल फॅरडे

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पवनीत घरी बसून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होतो, शेवटची तारीख तीच. जेवायला उठताना लॅपटॉप स्लीपवर टाकला. हात धुऊन आलो आणि ओल्याच बोटांनी टचपॅड दाबून त्याला जागं केलं. झालं! कर्सर आपोआप पळायला लागला. सबमिटवर न्यावा तर हा जातो कोपऱ्यात. रात्रीचे अकरा वाजलेले.

फॉर्मचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ज्या माणसामुळे हा बिघाड मला कळला, त्यांची ओळख करून देतो.

मायकेल फॅरडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनजवळचा. वडील लोहारकाम करायचे. घरची गरिबी, त्यामुळे शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरतीच. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागले आणि सात वर्षं तिथेच राहिले. बांधायला आलेली पुस्तकं ते वाचून काढायचे. विजेची गोडी त्यातूनच लागली.

1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेंनी व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, स्वतः छान बांधल्या आणि डेव्हींनाच पाठवल्या. पुढच्या वर्षी ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींचे मदतनीस झाले.

1831 मध्ये त्यांनी विद्युत चुंबकीय प्रवर्तन शोधलं. दहावीला आपण शिकतो तेच. आमच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे, तिथलं पाणी टर्बाइन फिरवून वीज बनवतं ते याच तत्त्वावर.

टचपॅडशी संबंध येतो 1837 च्या प्रयोगांचा. फॅरडेंनी दोन सारखी उपकरणं घेतली. एकात धातूच्या गोळ्यांमध्ये हवा, दुसऱ्यात काच, लाख किंवा गंधक. मधला पदार्थ बदलला की विद्युतभार साठवायची क्षमता बदलते, हे त्यांनी दाखवलं. हीच धारिता. तिच्या एककाचं नाव फॅरड, त्यांच्याच नावावरून.

टचपॅडखाली (आणि तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनमध्येही) बारीक तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली धारिता किंचित बदलते आणि चिप ती मोजते. स्लीपमधून उठताना बरेच टचपॅड बोट नसतानाची मूळ पातळी नव्याने ठरवतात. नेमकं तेव्हाच ओलं बोट वर असेल तर हिशोबच चुकतो.

फॅरडेंना गणित फारसं येत नसे. त्यांची ताकद वहीत होती. फसलेले प्रयोगसुद्धा ते क्रमांक टाकून लिहायचे. परिच्छेद सोळा हजारांवर गेले. पुढे स्मरणशक्ती दगा द्यायला लागली, तेव्हा याच वह्या कामी आल्या. सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद, दोन्ही त्यांनी नाकारलं. मुलांसाठी नाताळची व्याख्यानं मात्र वर्षानुवर्षं दिली. 25 ऑगस्ट 1867 रोजी ते गेले.

त्या रात्री मीही तेच केलं. एका वेळी एकच बदल, आणि कागदावर नोंद.

1. टचपॅड आणि बोटं कोरडी पुसली. फरक नाही.
2. चार्जर काढला. कर्सरची थरथर थांबली, पळणं सुरूच. आमच्या बोर्डाला अर्थिंग नाही, तिथून ही गडबड यायची.
3. लॅपटॉप परत स्लीपवर टाकला, पॉवर बटणाने उठवला आणि पाच सेकंद टचपॅडला हातच लावला नाही. कर्सर जागेवर!

11:40 ला फॉर्म सबमिट झाला.

तुमचं एवढ्याने जमलं नाही तर विंडोज आणि एक्स एकत्र दाबा, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. बाणांच्या कीने टचपॅड शोधा, तो डिसेबल करून परत एनेबल करा. दरवेळी त्रास होत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब दिसतो का बघा. असेल तर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची टिक काढा. तरीही नाही जमलं तर शट डाउन नको, रीस्टार्ट करा, आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर अपडेट करा.

आणि हो, चार्जरची तिसरी पिन मोडून तो दोन पिनच्या सॉकेटमध्ये घुसवू नका. ती अर्थिंगसाठीच असते.