मळवलीचा छापखाना आणि पदरावरचे चित्र

राजा रविवर्मा यांच्या चित्रांवरून वस्त्रे बेतण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. २००८ मध्ये त्यांची चित्रे रेशमी साडीवर विणली गेली. या प्रवासाचा एक टप्पा मावळातला आहे, याचे विस्मरण होऊ नये.

१८४८ मध्ये केरळातील किळिमानूर येथे जन्मलेल्या या कलावंताने देवींना व पुराणांतील नायिकांना भरजरी साड्या नेसविल्या. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्यानजीक मळवलीस हलविण्यात आला. राजवाड्यातले चित्र सामान्यांच्या देवघरात आले. गृहिणींनी त्या छापील चित्रांवर कापड, जर, टिकल्या जडविल्या. आजच्या वेशभूषाकारांचे हे पूर्वसूरीच.

परंतु लोकप्रियता म्हणजे नफा नव्हे. कर्जाचा भार असह्य होऊन छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या हाती गेला. १९०६ मध्ये रविवर्मा निवर्तले. १९७२ च्या आगीत छापखानाही भस्मसात झाला.

चित्र टिकले, ते घरोघर पोहोचविणारी संस्था मात्र लयास गेली. ज्या वस्त्राच्या किमतीत या नावाचा वाटा आहे, त्याच्या नफ्यातील अल्पांश तरी मळवलीच्या स्मृतिजतनास लागावा. ऋणाची परतफेड हाही अर्थव्यवहारच होय.