बाबूराव पेंटर: भीमाने कीचक मारला, सरकारने सीन कापला

फेब्रुवारी 1920. पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये 'सैरंध्री' हा मूकपट लागला. पडद्यावर भीम कीचकाला ठार मारतो ते इतकं खरं वाटत होतं की लोक हादरले. नंतर तो सीन काढून टाकावा लागला.

महाभारतातली गोष्ट, लहान पोरालाही माहीत असलेली. मग अडचण काय होती?

सीन अंगावर येणारा होता, हे खरंच. पण 'कीचक' हे नाव तेव्हा साधं राहिलं नव्हतं. कृ. प्र. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना त्यातल्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सैरंध्रीत गुलाम देश. इंग्रजांनाही ते कळलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. दहा वर्षांनी तीच कथा पडद्यावर आली. सिनेमा पाहून टिळकांनी दिग्दर्शकाला 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. आता यात निव्वळ पुराणकथा किती होती, ते तुम्हीच ठरवा.

हा दिग्दर्शक म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म 3 जून 1890. शाळा लवकर सुटली, पण हातात कसब होतं. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनावच 'पेंटर' पडलं. फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' पाहून दोघांना सिनेमाचं वेड लागलं. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कॅमेरा चक्क कोल्हापुरातच घडवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी पैसा दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. (हे नाव किती जणांनी ऐकलंय?) 'सैरंध्री'त बायकांच्या भूमिकाही बायकांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या.

1925 मध्ये त्यांनी पुराणकथा बाजूला ठेवली. 'सावकारी पाश'मध्ये सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी मुंबईच्या गिरणीची वाट धरतो. शेतकरी झाला होता तरुण व्ही. शांताराम. पुढे शांताराम, दामले, फत्तेलाल बाहेर पडले आणि 'प्रभात' उभी राहिली.

आज 'सैरंध्री' उपलब्ध नाही. 1925 चा 'सावकारी पाश'ही नाही. 1936 मध्ये बाबूरावांनीच तो बोलपट म्हणून पुन्हा केला. म्हणजे कीचकवधाचा तो सीन आपण कुणीच पाहिलेला नाही. कापला गेला म्हणूनच तो आपल्याला माहीत आहे, हे जरा विचित्रच.

बाबूरावांचं एक काम मात्र कुणाला कापता आलं नाही. 1942 च्या आंदोलनात कोल्हापुरातल्या गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे चालून गेल्या आणि त्यांनी तो विद्रूप केला. पुढे तो पुतळा फुटला. भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्या जागी शिवरायांचा पुतळा बसवायचं ठरलं, आणि तो घडवला बाबूरावांनी. 16 जानेवारी 1954 ला ते गेले. शिवाजी चौकात तुम्ही ज्या पुतळ्यासमोर सेल्फी काढता, तो हाच.