माता रमाई : पत्रांवर तगलेला संसार

२७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन. या दिवशी गावोगावच्या विहारांत, वस्त्यांत त्यांच्या त्यागाची आठवण काढली जाते. गोवऱ्या, उपासमार, लेकरांचे मृत्यू, पतीच्या शिक्षणासाठी सोसलेले हाल हे सगळे भाषणांतून येते आणि ते खरेच आहे. पण या त्यागामागे दोन जिवंत माणसांचा संसार होता. ती दोघे एकमेकांशी काय बोलत, किती बोलत आणि काय बोलायचे राहून गेले, याचा विचार आपण क्वचित करतो. आज रमाईंचे चरित्र त्या बाजूने पाहू.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. आई रुक्मिणी लवकर वारल्या आणि काही काळाने वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातलगांनी मुंबईला, भायखळ्याला आणले. तिथेच सुभेदार रामजी आंबेडकरांनी आपल्या भिवासाठी ही मुलगी पसंत केली. लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा धंदा उठल्यावर रात्री लागले. मुलगी नऊ वर्षांच्या आसपास, तिला अक्षरओळख नाही. मुलगा शिकणारा आणि पुस्तकांत बुडालेला. दोघांच्या जगांत एवढे अंतर असताना संसार सुरू झाला.

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजीबाबा गेले आणि त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले. रमाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. यशवंत सात महिन्यांचा होता. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत मोठे दीर आनंदराव, जाऊ, पुतण्या मुकुंद असे सगळे कुटुंब होते. मिळकत तुटपुंजी होती. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकताना पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे पाठवीत. तरी चार वर्षे पतीचा चेहरा दिसणार नव्हता आणि आवाजही ऐकू येणार नव्हता. येणार होती ती फक्त पत्रे.

पहिले महायुद्ध चालू होते. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परत निघाले तेव्हा त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज पाणतीराने बुडाले. बाबासाहेब सुखरूप पोचले. समुद्रात जहाजे बुडत असताना, बातमी खरी की खोटी हे कळायला दिवसच्या दिवस लागत असताना, चाळीतल्या त्या खोलीत काय घालमेल झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

परतल्यावर बडोद्याला अपमान वाट्याला आला. मग सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्या काळात ही मोठी रक्कम होती. तरी घर चाळीतच राहिले. अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला जायचे होते आणि त्यासाठी पैसा साठवायचा होता. नेमून दिलेल्या रकमेत घर चालवण्याचे काम रमाईंनी केले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले. साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज एवढ्यावर ही दुसरी वारी होती. ती जवळपास तीन वर्षे चालली.

या काळातले एक पत्र आपल्याला ठाऊक आहे. २५ नोव्हेंबर १९२१ रोजी लंडनहून रामूला लिहिलेले. पत्र छोटेसेच आहे, पण पतिपत्नीने कसे बोलावे याचा तो धडा आहे. आधी तिचे पत्र मिळाल्याची पोच. मग आजारी लेकराबद्दल वाईट वाटणे आणि तिला धीर देणे. मग तिचा लिहिण्यावाचण्याचा अभ्यास सुरू आहे हे कळल्याचा आनंद. यशवंताचा आणि मुकुंदाचा अभ्यास कसा चालला आहे याची चौकशी. आणि मध्येच पैशाची गोष्ट, अगदी उघड. इथे माझेच खायचे वांधे आहेत, पाठवायला जवळ काही नाही, तरी खटपट करतो आहे. जवळचे संपले तर दागिने विकून दिवस काढ, परत आलो की नवे करून देईन, असा त्याचा मथितार्थ. स्वतःची तब्येत बरी असल्याचेही कळवले आहे.

हे पत्र नीट वाचले तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, लपवाछपवी नाही. परदेशी गेलेला माणूस घरच्यांना खोटा दिलासा देऊ शकला असता किंवा पैशाचा विषयच टाळू शकला असता. बाबासाहेबांनी तसे केले नाही. लंडनमध्ये ते अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढत होते आणि हे त्यांनी पत्नीला सांगितले. दुसरी, खरे सांगूनही ते तिथेच थांबले नाहीत. दागिन्यांचा निर्णय त्यांनी तिच्या हाती दिला. म्हणजे घराची मालकी तिची मानली. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिच्या अभ्यासाची दखल. ज्या मुलीला लग्नाच्या वेळी अक्षर येत नव्हते ती आता शिकत होती. पत्राचा संसार टिकायचा तर दोन्ही टोकांना वाचणारे माणूस हवे, हे त्यांनी ओळखले होते.

टपाल बोटीने येई. एका बाजूच्या पत्राला दोन-तीन आठवडे लागत. लेकरू आजारी असल्याचे कळवले तर धीराचे शब्द हाती येईपर्यंत महिना उलटून जाई. तोवर लेकरू बरे झालेले असे किंवा हातचे गेलेले असे. अशा परिस्थितीत रमाईंनी कुणापुढे हात पसरला नाही आणि आपल्या हालांनी पतीच्या अभ्यासात विघ्न येऊ नये म्हणून पुष्कळ काही पोटात ठेवले, असे आंबेडकरी समाजात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. हे मौन मोठे होते. पण त्याची किंमतही मोठी होती. ती त्यांच्या शरीराने मोजली.

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब परतले. आता मध्ये समुद्र नव्हता. पण चळवळ होती. वकिली, बहिष्कृत हितकारिणी सभा, विधिमंडळ, महाड, आणि जवळजवळ एकहाती चालवलेले बहिष्कृत भारत. यातच जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला. पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार गेली. मागे एकटा यशवंत उरला. पुढच्या महिन्यात कोल्हापूरचे मित्र दत्तोबा पवार यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिले. त्यात त्यांनी फक्त स्वतःचे दुःख मांडले नाही. आपण आणि आपली पत्नी दोघेही या धक्क्यातून सावरलो नाही आणि सावरू असे वाटत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. मोठ्या माणसाने रडू नये असा संकेत त्यांनी पाळला नाही.

३ फेब्रुवारी १९२८ च्या बहिष्कृत भारतात बाबासाहेबांनी समाजापुढे या पत्राच्या ऋणाचा हिशेब मांडला. त्या लेखात त्यांनी आपल्या पत्नीबद्दल लिहिले. आपण परदेशी असताना तिने रात्रंदिवस घर सांभाळले आणि परतल्यावरच्या हलाखीत शेणाचे ओझे डोक्यावर घ्यायलाही ती कचरली नाही, याची त्यांनी जाहीर नोंद केली. आणि अशा पत्नीसोबत आपल्याला दिवसाकाठी अर्धा तासही घालवता येत नाही, याची कबुलीही दिली. त्या काळी किती पुढाऱ्यांनी आपल्या वर्तमानपत्रात पत्नीचे असे ऋण मानले असेल? हे शब्द मराठीत होते आणि रमाई हयात असताना छापले गेले होते.

रमाई नुसत्या घरात बसून राहिल्या नाहीत. १९२८ मध्येच मुंबईत स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले. त्याच्या अध्यक्षा रमाई होत्या. धारवाडला बळवंतराव वराळे यांच्याकडे मुक्कामी असताना तिथल्या वसतिगृहातली मुले उपाशी आहेत असे कळल्यावर त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवणही सर्वांना माहीत आहे. लंडनच्या पत्रात दागिन्यांबद्दल जो विश्वास टाकला होता, तो त्यांनी असा चालवला.

दोघांच्या मतांत भेदही होता. रमाई भाविक होत्या. उपासतापास करीत. पंढरपूरला जावे, विठ्ठलाचे दर्शन घ्यावे अशी त्यांची फार इच्छा होती. ज्या देवळात आपल्याला दुरूनच हात जोडावे लागतात तिथे जाण्यात काय अर्थ, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. आपण आपल्या आचरणाने आणि समाजसेवेने वेगळे पंढरपूर उभे करू, असे त्यांनी तिला समजावले. त्यांनी तिची थट्टा केली नाही, खोटी आशाही दाखवली नाही. कारण सांगितले. तरी एका आजारी बाईची इच्छा अपुरी राहिली, हेही खरे. खरे बोलण्याने सगळी दुःखे मिटतात असे नाही.

पुढे गोलमेज परिषदांसाठी लंडनच्या फेऱ्या झाल्या. पुन्हा समुद्र आणि पुन्हा पत्रे. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले तेव्हा रमाईंची प्रकृती पार ढासळली होती. चाळीच्या दोन खोल्यांतून हक्काच्या घरात आलेल्या या माउलीला ते घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. वय अवघे सदतीस. बाबासाहेब पार कोसळले. त्यांनी डोक्याचे केस उतरवले आणि भगवी वस्त्रे घातली. कित्येक दिवस ते खोलीत एकटेच शोक करीत होते.

१९४० मध्ये त्यांचा पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. तो रामूच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. तिचे चांगले मन, चारित्र्य आणि ज्या दिवसांत कुणी सोबती नव्हते त्या दिवसांत तिने शांतपणे दिलेली साथ, या सगळ्याचा त्यात कृतज्ञ उल्लेख आहे. ग्रंथ जगभर वाचला गेला. पण जिच्यासाठी ते लिहिले ती पाच वर्षांपूर्वीच गेली होती. म्हणूनच १९२८ च्या लेखातली ती कबुली मला या अर्पणपत्रिकेपेक्षा मोठी वाटते. ती वेळेवर दिलेली होती.

आपल्या लग्नविधीत नवरा-बायको प्रतिज्ञा घेतात. त्यांचे मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिला द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत, अशी पाच कर्तव्ये तथागतांनी सांगितली आहेत. यातली पहिली दोन रोजच्या बोलण्यातूनच पाळली किंवा मोडली जातात. रमाई धम्मदीक्षेच्या एकवीस वर्षे आधी गेल्या. पण त्यांच्या संसारातले ते लंडनचे पत्र या सुत्ताजवळच जाते.

आज आपल्या हातात फोन आहे. कामासाठी पुण्याला, आखातात किंवा आणखी दूर गेलेल्या माणसाचा चेहरा रोज दिसतो. तरी पगार किती आला, कर्ज किती झाले, पोराचे कॉलेज का सुटले हे घरात सांगितले जात नाही. चळवळीतल्या आपल्या कार्यकर्त्यांची तऱ्हा वेगळी नाही. रात्री उशिरापर्यंत बैठका, रविवारी मोर्चा, आणि घरी बायको काय शिकते आहे, तिला काय दुखते आहे, हे विचारायला वेळ नाही. बाबासाहेबांनाही वेळ नव्हता. पण त्याचा त्यांना सल होता आणि तो त्यांनी तिच्या हयातीत बोलून दाखवला. आपल्याला निदान तेवढे तरी करता येईल.

रमाईंच्या फोटोला हार घालून घरी गेल्यावर आज अर्धा तास घरच्या माणसाजवळ बसावे. खरे सांगावे, तिचे ऐकावे आणि जे ऋण आहे ते आजच मान्य करावे.

माता रमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम.