कासवाची अंडी आणि कव्हरवरचं नाव

एखादं ग्रुप प्रोजेक्ट आठवा. सर्व्हेसाठी उन्हात एक फिरला, रात्र जागून पीपीटी दुसऱ्याने केली आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी टाळ्या मात्र तिसऱ्यानेच घेतल्या. असं तुमच्या बाबतीत झालंय? मग लुई अगासीची गोष्ट वाचाच.

अगासी जन्मला २८ मे १८०७ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये. डॉक्टरकी शिकला, पण जीव रमला माशांच्या जीवाश्मांत. एके काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता, हे त्याने १८३७ मध्ये ठासून मांडलं आणि त्याचं नाव गाजलं. पण हिमयुग हा शब्द त्याचा मित्र कार्ल शिम्परने दिला होता. हिमनद्यांवर आधीपासून अभ्यास करत होता शार्पेंतिए. त्याच्या आधीच, १८४० मध्ये, अगासीचं पुस्तक बाहेर आलं. दोघांशीही त्याचं बिनसलं.

१८४६ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि वर्षभरात हार्वर्डचा प्रोफेसर झाला. बोलणं असं की समोरचा लगेच कामाला लागायचा. वॉल्डनवाला थोरोसुद्धा त्याच्यासाठी मासे आणि कासवं पकडून पाठवत होता! पुढे अगासीने अमेरिकेतल्या प्राण्यांवर दहा खंड काढायचं ठरवलं. सुमारे अडीच हजार लोकांनी आगाऊ नावं नोंदवली.

त्यात कासवाचं पिल्लू अंड्यात कसं वाढतं, हे टप्प्याटप्प्याने दाखवायचं होतं. त्याने घराच्या आवारातच कासवं पाळली. पण वाढीचा अगदी पहिला टप्पा काही हाती लागेना. त्यासाठी घालून तीन तासही झाले नाहीत अशी अंडी हवी होती. ती आणायचं कबूल केलं मिडलबरो गावच्या शाळेचे मुख्याध्यापक जॉन जेंक्स यांनी. गाव बॉस्टनपासून पन्नासेक किलोमीटरवर.

जेंक्स सरांनी पुढे आपल्या विद्यार्थ्याला सांगितलं ते असं. मेच्या मध्यापासून ते रोज पहाटे उठून तळ्याकाठी जाऊन बसायचे. आठवडे गेले, कासवीण काही बाहेर येईना. शेवटी जूनमधल्या एका रविवारी ती आली, वाळूत खड्डा केला आणि अंडी घातली. सरांनी ती वाळूच्या बादलीत रचली आणि घड्याळाशी शर्यत सुरू! रविवारी गाडी कुठली मिळायला? त्यांनी चक्क मालगाडी थांबवली, बॉस्टनहून घोडागाडी पळवली आणि तीन तास संपायच्या आत अगासीचं दार ठोठावलं.

वाळूची बादली का? कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवत राहायचं नसतं. घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरू शकतो. म्हणूनच आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची अंडी लवकरात लवकर, अलगद उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात. (घरी उबवून बघू, असं डोक्यात आलं असेल तर थांबा. समुद्री कासवांची अंडी उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.)

१८५७ मध्ये पहिले दोन खंड आले. कासवांच्या गर्भाची त्यातली चित्रं बघून आजही थक्क व्हायला होतं. कव्हरवर नाव एकच, अगासीचं. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला होता त्याचा तरुण सहायक हेन्री जेम्स क्लार्क. प्रस्तावनेत त्याचे आभार होते. पण आभार आणि श्रेय यात फरक असतो ना? यातलं बरंचसं संशोधन आणि लिखाणही माझंच आहे, असा दावा करणारी पत्रिका क्लार्कने १८६३ मध्ये स्वतः छापून वाटली. अगासीने तो मान्य केला नाही. क्लार्कला पुढे हार्वर्ड सोडावं लागलं.

अगासीने १८५९ मध्ये उभं केलेलं प्राणिशास्त्राचं म्युझियम आजही हार्वर्डमध्ये आहे. पण त्याच वर्षी आलेला डार्विनचा सिद्धांत त्याने शेवटपर्यंत नाकारला. माणसांचे वंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले, हा त्याचा दावा गुलामगिरीच्या समर्थकांच्या कामी आला. दहापैकी चारच खंड निघाले. १४ डिसेंबर १८७३ ला तो गेला. क्लार्क त्याच वर्षी, काही महिने आधी गेला होता. अगासीच्या थडग्यावर स्वित्झर्लंडच्या हिमनदीतला एक मोठा दगड आहे.

हे सगळं वाचताना मला माझीच पहिली बायलाइन आठवली. त्या बातमीसाठी मैत्रिणीने दोन दिवस फोन करून माहिती काढून दिली होती. छापून आलेलं कात्रण मी तिलाच कौतुकाने दाखवलं. तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ती काही बोलली नाही. क्लार्कनेही सहा वर्षं काही छापलं नव्हतं.

तुमचं पुढचं सबमिशन कधी आहे? पहिल्या पानावर नावं टाकताना जरा मोजून बघा, बादली घेऊन धावलेलं कुणी राहिलं तर नाही ना.