साताऱ्याची वाट

कोकणातला पाऊस एकदा लागला म्हणजे चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाही. ओढ्यांना पूर येतात, पायवाटा शेवाळतात, आणि घाटमाथ्यावर धुके इतके दाट उतरते की पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही. अशा पावसात, इसवी सन १८७५ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा आपल्या काही सोबत्यांबरोबर साताऱ्यास जावयास निघाला. सातारा तेथून सुमारे ११० मैल दूर. त्या वेळी कोकणात आगगाडी नव्हती, आणि मोटारीचे तर नावही कोणी ऐकलेले नव्हते. जावयाचे होते ते पायीच. एवढी पायपीट कशासाठी, तर एका परीक्षेसाठी.

या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना आदराने अण्णासाहेब आणि महर्षी म्हणू लागला तेच हे कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली या गावी, म्हणजे त्यांच्या आजोळी झाला. बालपण गेले ते मात्र समुद्रकाठच्या मुरूडला. कर्व्यांच्या घराण्याने एके काळी वैभव पाहिले होते; बडोद्याच्या गायकवाडांनाही या घराण्याने कर्ज दिले होते. परंतु धोंडूच्या वेळेपर्यंत त्या वैभवाच्या केवळ आठवणी उरल्या होत्या. वडील केशवपंत यांची मिळकत बेताची होती. बडोद्यास ब्राह्मणांना मोठी दक्षिणा वाटली जात आहे असे एकदा कानी आले, तेव्हा आपणही जावे असे मुलांना वाटले. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना जाऊ दिले नाही. ज्यांना आपल्या पूर्वजांनी कर्ज दिले त्यांच्या दारी मुलांनी हात पसरावा, हे त्या माउलीला रुचले नाही. घरात पैसा नव्हता, पण मागून आणलेला पैसाही नको होता. अशा घरातल्या मुलाला वर येण्यासाठी विद्येवाचून दुसरा कोणता मार्ग असणार?

मुरूडच्या शाळेत धोंडूला सोमण गुरुजी लाभले, हे त्याचे भाग्य. हे गुरुजी पुस्तकातले धडे शिकवून थांबणारे नव्हते. गावातील लोकांना जगाची वार्ता कळावी म्हणून दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचा उपक्रम त्यांच्या प्रेरणेने चाले, आणि ते काम त्यांनी धोंडूकडे सोपविले होते. ही निवड वरवर पाहता विचित्रच म्हणावी लागेल. कारण धोंडू स्वभावाने अतिशय लाजाळू होता. चारचौघांत उभे राहून बोलावयाचे म्हटले की त्याची जीभ जड होई. हा संकोच त्याला जन्मभर पुरला. पण वाचणे आणि बोलणे यांत फरक आहे. समोर छापील अक्षरे असली म्हणजे माणसाला आधार असतो. देवळातल्या श्रोत्यांसमोर रोज उभे राहिल्याने त्या मुलाचा संकोच गेला नसेल. तो बरोबर घेऊनही काम करता येते एवढे मात्र त्याला तेथे उमगले असावे.

त्या काळी मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेला फार मोल होते. ती उत्तीर्ण होणाऱ्याला शाळेत शिक्षकाची किंवा सरकारी कचेरीत लहानशी जागा मिळण्याची वाट मोकळी होई; म्हणूनच लोक तिला पब्लिक सर्व्हिस परीक्षा म्हणत. गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने ही परीक्षा म्हणजे एक दरवाजाच होता. तो उघडला तर घरात चार पैसे येणार. नाही उघडला तर पुन्हा एक वर्ष वाट पाहणे आले. धोंडूचे लग्नही त्या वेळच्या रीतीप्रमाणे पंधराव्या वर्षीच झालेले होते. म्हणजे आज ज्या वयात मुलांच्या डोक्यावर केवळ अभ्यासाचे ओझे असते, त्या वयात त्याच्यावर संसाराची जबाबदारीही येऊन पडली होती. परीक्षेस बसणाऱ्याचे वय सतरा वर्षे पुरे असले पाहिजे असा नियम होता. धोंडूला सतरावे संपून काही महिने झाले होते. अभ्यास झाला होता आणि वयही भरले होते. राहिला होता तो प्रवास.

मुरूडहून निघून दापोली, खेड, चिपळूण ही गावे मागे टाकावयाची, मग कुंभार्ली घाट चढावयाचा, आणि घाटावर आल्यावर पाटणवरून साताऱ्याची वाट धरावयाची. सह्याद्रीचा हा चढ कोरड्या दिवसांतही दम काढणारा आहे. मग मुसळधार पावसाची गोष्टच नको. मुलांनी हे सारे अंतर चार-पाच दिवसांत तोडले. म्हणजे दररोज बावीस ते सत्तावीस मैल चाल झाली. आजच्या मापाने सांगावयाचे तर सगळी वाट पावणेदोनशे किलोमीटरांहून अधिक भरते. अंगावरचे कपडे वाळत नव्हते, पण थांबणे शक्य नव्हते. परीक्षा कोणासाठी थांबणार नव्हती. परीक्षेपूर्वी मनात जी धाकधूक असते ती अशा चालीत फार वेळ टिकत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. पाऊल कोठे टाकावे, ओढा कोठे उतरावा, रात्री पाठ कोठे टेकावी, याच चिंतेत दिवस निघून जातो. घरी बसून जी भीती मोठी होते ती वाटेवर लहान होते.

अखेर सातारा आले. परीक्षा घेणाऱ्या मंडळींपुढे उमेदवार एकेक करून उभे राहू लागले. धोंडूची पाळी आली. मंडळाच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले. अंगाने किरकोळ, चणीने लहान असा तो मुलगा त्यांना सतरा वर्षांचा वाटेना. धोंडूजवळ वयाचा शाळेचा दाखला होता, तो त्याने पुढे केला. तरीही प्रमुखांची खात्री पटली नाही. त्यांनी त्याला परीक्षेस बसू देण्यास नकार दिला.

एकशे दहा मैल चालून आलेला तो मुलगा प्रश्नपत्रिका न पाहताच मागे फिरला.

परीक्षेची भीती वाटते म्हणजे नेमके कशाचे भय वाटते, याचा विचार येथे करण्यासारखा आहे. उत्तर आठवेल की नाही, हे एक भय. त्यावर अभ्यासाचा उपाय असतो, आणि धोंडूने तो केला होता. परंतु परक्या माणसाने आपल्याकडे क्षणभर पाहावे आणि आपल्याविषयी निकाल देऊन टाकावा, या भयावर पाठांतराचा काही उपाय चालत नाही. लाजाळू मुलाला याच गोष्टीची धास्ती अधिक असते. साताऱ्यास धोंडूच्या बाबतीत नेमके तेच घडले. शिवाय जे घडले त्यात त्याची चूक तिळमात्र नव्हती. स्वतःची चूक असली तर ती सुधारता येते. पण वय पुरे असून ते चेहऱ्यावर दिसत नाही, यात सुधारावयाचे काय? अनुत्तीर्ण होण्याचे दुःख यापेक्षा खचित हलके. पुढे मोठेपणी आत्मवृत्त लिहिताना या प्रसंगाची हकीकत त्यांनी आवर्जून नमूद केली आहे. जखम किती खोल होती ते यावरून समजावे.

मुरूडला परतल्यावर गावात चार लोकांनी विचारपूस केली असेल, कोणी हळहळलेही असतील. परंतु या मुलाने पुस्तके बांधून माळ्यावर टाकली नाहीत. शिकलेले विसरू नये, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावे, एवढेच त्याने केले. सांगावयास ही गोष्ट सोपी आहे. करावयास फार कठीण. पहिल्या वेळी अभ्यासात नवेपणाचा उत्साह असतो. दुसऱ्या वेळी तीच पुस्तके, तीच गणिते, तेच नकाशे समोर असतात, आणि मनात एक शंका घर करून बसलेली असते की, एवढे करूनही पुन्हा कोणी दारातूनच परत पाठविले तर? या शंकेला उत्तर देता येत नाही. तिला एका बाजूस बसवून रोजचा धडा उरकावा लागतो. धोंडूने वर्षभर ते केले. दुसऱ्या वर्षी, १८७६ मध्ये, तो कोल्हापूरच्या केंद्रात त्याच परीक्षेस बसला आणि उत्तीर्ण झाला. एका वर्षात त्याची चण फारशी वाढली असेल असे नाही. या वेळी त्याला कोणी अडविले नाही, एवढेच.

दुसरा एखादा असता तर शिक्षकाची नोकरी धरून स्वस्थ बसला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. धोंडोपंतांनी मात्र इंग्रजी शिकावयाचे ठरविले. ज्या वयात इतर मुले मॅट्रिकच्या जवळ पोहोचत, त्या वयात ते आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बसून इंग्रजीची बाराखडी गिरवू लागले. लाजाळू माणसाला ही केवढी शिक्षा! रत्नागिरीच्या शाळेत ते गेले, परंतु तेथील हवा मानवली नाही. आजारी पडून घरी परत यावे लागले. पुन्हा खंड पडला. मग त्यांनी मुंबई गाठली, रॉबर्ट मनी शाळेत नाव घातले, आणि दुसऱ्या मुलांच्या शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागविला. नरहरपंत जोशी यांच्यासारखा जिवाभावाचा मित्र त्यांना याच शिक्षणाच्या काळात जोडीला मिळाला. १८८१ मध्ये धोंडोपंत मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक म्हणजे त्या काळी विद्यापीठात पाऊल ठेवण्याची प्रवेश परीक्षाच होती. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. कोवळ्या वयाचा दिसतो म्हणून ज्याला साताऱ्यास नाकारले होते, तो मुंबईच्या वर्गात वयाने सर्वांत मोठ्यांपैकी एक ठरला असावा. दैवालाही थट्टा करावीशी वाटते ती अशी.

तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित हा विषय घेऊन ते बी. ए. झाले. नंतर मुंबईत शिकवीत असताना आपल्या नात्यातील एका हुशार मुलाला त्यांनी शिक्षणासाठी आपल्याजवळ आणून ठेवले. तो मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या स्थानाचा मान मिळवून सीनियर रँग्लर झालेले परांजपे ते हेच. स्वतःच्या परीक्षेसाठी ज्याने इतके सोसले, त्याने दुसऱ्याच्या परीक्षेची काळजी वाहिली यात नवल नाही. १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून कर्वे रुजू झाले.

त्यांचे पुढचे कार्य सर्वश्रुत आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्यावर त्यांनी १८९३ मध्ये नरहरपंत जोशी यांच्या विधवा बहिणीशी विवाह केला आणि समाजाचा रोष पत्करला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुण्याबाहेर हिंगणे येथे १९०० साली त्यासाठी एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातील तास संपले की अण्णा पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत पाय रुतत; तरी आश्रमाला लागणारे सामान घेऊन ते नेमाने ती वाट तुडवीत. आश्रमासाठी पैसे मागण्याकरिता गावोगाव हिंडणेही त्यांनाच करावे लागे. अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून वर्गणी मागणे, एखादा नकार ऐकणे आणि दुसऱ्या दारी जाणे, हे काम मुळातच धीट असलेल्या माणसालाही जड जाते. अण्णा वक्ते नव्हते. ते हळू आणि थोडे बोलत, आणि आकडे मात्र चोख सांगत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, ते परदेशप्रवासास निघाले, तेव्हा डेन्मार्कमधील एल्सिनोर येथल्या शिक्षण परिषदेपासून अमेरिका आणि जपानपर्यंत त्यांनी आपल्या कार्याची माहिती परक्या लोकांना सांगितली. दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र वाचणारा मुलगा इतक्या दूर पोहोचला होता.

या प्रवासाच्या आधीच, १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले होते. त्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. इंग्रजी हा विषय होता, पण बाकीचे विषय समजून घेण्यासाठी आधी परकी भाषा पार करून येण्याचे कारण नव्हते. विद्यापीठाला स्वतःची प्रवेश परीक्षाही होती. ज्या मुलींना घर सोडून शाळेत येणे शक्य नव्हते, त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा होती. आणि तेथे कोणाचेही वय चेहऱ्यावरून ठरविले जात नव्हते.